वाचकांचे प्रश्न : शलमोनाने देवाजवळ नेमके काय मागितले?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रसंगाविषयी आहेत. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून या वेळी तो एकच विषय घेतो. हा प्रसंग बायबलच्या जुन्या करारातील आहे आणि तो पहिले राजे या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलेला आहे. दावीद राजाच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र शलमोन इस्राएलच्या गादीवर बसतो आणि गिबोन येथील उच्चस्थानी, म्हणजे उंचावरील पूजास्थानी, यज्ञ करण्यासाठी जातो. तेथे रात्री स्वप्नात परमेश्वर त्याला दर्शन देतो आणि म्हणतो, ‘मी तुला काय देऊ ते माग.’ शलमोन दीर्घायुष्य मागत नाही, धन मागत नाही, शत्रूंचे प्राणही मागत नाही. प्रजेचा न्याय नीट करता यावा यासाठी जे लागते तेवढेच मागतो. परमेश्वर प्रसन्न होऊन ते देतो आणि न मागितलेले धन व वैभवही त्यासोबत देतो. पत्रे लिहिणाऱ्या वाचकांनी या गोष्टीला ज्या ज्या बाजूंनी हात घातला आहे, त्या क्रमाने उत्तरे देत आहे.

प्रश्न : ‘शलमोनाने बुद्धी मागितली’ असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. वेगवेगळी भाषांतरे शेजारी ठेवून पाहिली, तर या ठिकाणी शब्द सारखे बदलताना दिसतात. मूळ शब्द कोणता?

मूळ हिब्रूत शलमोनाच्या तोंडी ‘लेव शोमेआ’ असे दोन शब्द आहेत. ‘लेव’ म्हणजे हृदय आणि ‘शोमेआ’ म्हणजे ऐकणारे. त्याने मागितले ते ‘ऐकणारे हृदय’. भाषांतरकारांची अडचण अशी की, आपण हृदयाचा संबंध माया, दुःख, प्रेम यांच्याशी जोडतो, तर हिब्रू माणसाच्या लेखी विचार करणे, ठरवणे, लक्षात ठेवणे ही सारी हृदयाचीच कामे होती. मराठीतील ‘मन’ हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो, कारण आपण एखादी गोष्ट ‘मनावर घेतो’ तेव्हा तिच्यात भावनेइतकाच निश्चयही असतो.

दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत मात्र मराठी वाचक भाग्यवान आहे. हिब्रूतील ‘शमा’ या क्रियापदाचे ‘कानांवर पडणे’ आणि ‘मानणे’ असे दोन्ही अर्थ आहेत, आणि आपल्या ‘ऐकणे’ या क्रियापदाचेही तेच आहे. ‘मुलगा माझे ऐकत नाही’ अशी तक्रार आई करते तेव्हा मुलाच्या कानांत दोष आहे असे तिला म्हणायचे नसते. अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील ‘हे इस्राएला, ऐक’ हे यहुदी श्रद्धेचे केंद्रवचन याच क्रियापदाने सुरू होते. म्हणून ‘ऐकणारे हृदय’ मागणारा राजा प्रजेची गाऱ्हाणी कानांवर घेण्याची क्षमता मागतो आहे, आणि त्याच वेळी देवाच्या आज्ञेखाली राहण्याची तयारीही मागतो आहे. यांपैकी कोणता अर्थ खरा, असा वाद अनेकदा घातला जातो. मला तो अनाठायी वाटतो, कारण राजासाठी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. परमेश्वराच्या उत्तरातही हेच क्रियापद पुन्हा येते. ‘तू न्याय ऐकण्यासाठी समज मागितलीस’ असा त्या शब्दांचा अर्थ होतो. तेथे न्याय ही राजाने ‘द्यायची’ गोष्ट होण्याआधी ‘ऐकायची’ गोष्ट आहे.

आपण लहानपणी ऐकलेले ‘बुद्धी’ हेही चुकीचे नाही. परमेश्वर देतो ते ‘शहाणे व समंजस हृदय’ आहे, आणि हाच प्रसंग दुसरे इतिहास या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात पुन्हा सांगताना शलमोनाच्या तोंडी ‘ज्ञान व समज’ या अर्थाचे शब्द आलेले आहेत. शहाणपणासाठीचा हिब्रू शब्द ‘होखमा’ पुस्तकी ज्ञानापुरता मर्यादित नाही, हे येथे सांगायला हवे. मंदिरासाठी पितळेचे काम करणाऱ्या सोर नगरीच्या कारागिराजवळ जे कसब होते, त्यालाही बायबल हाच शब्द लावते. राज्य करणे हे हातात मुरावे लागणारे काम आहे, अशी समजूत या शब्दामागे आहे.

प्रश्न : यरुशलेम ही राजधानी असताना राजा गिबोनला कशासाठी गेला? आणि एवढी मोठी गोष्ट स्वप्नात का घडावी?

यरुशलेमचे मंदिर तेव्हा बांधलेले नव्हते, आणि गिबोन हे सर्वांत मोठे उच्चस्थान होते, एवढेच कारण राजे या ग्रंथात दिले आहे. इतिहास ग्रंथ थोडा तपशील पुरवतो. मोशेच्या काळातील निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, आणि पितळी वेदी गिबोनला होती, तर कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, दावीदाने यरुशलेमेत आणून एका तंबूत ठेवला होता. म्हणजे वेदी एका गावी आणि कोश दुसऱ्या गावी, अशी ती अधांतरी अवस्था होती. शलमोन गिबोनला एक हजार होमबली अर्पण करतो आणि स्वप्नातून जागा झाल्यावर यरुशलेमला परत येऊन कोशापुढे उभा राहतो, तेथे पुन्हा अर्पणे करून सर्व सेवकांना मेजवानी देतो. या दोन ठिकाणांमधली वाट तो स्वतः चालतो, यात मला पुढच्या मंदिराची चाहूल लागते.

गिबोनची ओळख आज यरुशलेमच्या वायव्येला सुमारे दहा किलोमीटरवर असलेल्या अल-जिब या गावाशी पटलेली आहे. जेम्स प्रिचर्ड यांनी तेथे १९५६ ते १९६२ या काळात उत्खनन केले, तेव्हा ‘गिबोन’ हे नाव कोरलेल्या मडक्यांच्या मुठी हाती लागल्या आणि ओळखीविषयी शंका उरली नाही. तेथेच खडकात खोदलेला एक प्रचंड गोल जलाशय सापडला. त्याचा व्यास अकरा मीटरांहून अधिक आहे आणि त्याच्या कडेने खडकातच कोरलेल्या ७९ पायऱ्या खाली पाण्यापर्यंत उतरतात. दुसरे शमुवेल या ग्रंथात गिबोनच्या तळ्याकाठी दावीदाची आणि त्याच्या आधीचा राजा शौल याच्या घराण्याची माणसे समोरासमोर बसली आणि बारा-बारा तरुण एकमेकांना भोसकून पडले, असा प्रसंग आहे. त्याच गिबोनच्या मोठ्या शिळेजवळ दावीदाचा सेनापती यवाब याने आपला मावसभाऊ व प्रतिस्पर्धी सेनापती अमासा याला दाढी धरून, चुंबन घेण्याच्या मिषाने ठार केले. शलमोन जेथे झोपला ती भूमी अशी भाऊबंदकीच्या रक्ताने भिजलेली होती.

स्वप्नाविषयी म्हणायचे तर, राजाला स्वप्नात देव दिसणे ही प्राचीन पश्चिम आशियात परिचित गोष्ट होती. सुमेरमधील लगाश नगराचा अधिपती गुदेआ याला निंगिर्सू देवाने स्वप्नात मंदिर बांधण्याचा आदेश दिल्याची हकिगत मातीच्या मोठ्या नळकांड्यांवर कोरलेली आहे, आणि ती शलमोनाच्या हजारएक वर्षे आधीची आहे. दोन्ही स्वप्ने शेजारी ठेवली की एक फरक लगेच डोळ्यांत भरतो. मंदिर बांधणारा म्हणून शलमोन पुढे जगप्रसिद्ध झाला, तरी त्याच्या या स्वप्नात मंदिराचा उच्चारही नाही. तेथे देव घर मागत नाही. तुला काय हवे, असे विचारतो.

प्रश्न : शलमोन ‘मी लहान मूल आहे’ असे म्हणतो. तेव्हा त्याचे वय किती होते?

यहुदी परंपरेत बारा वर्षे आणि योसेफस या पहिल्या शतकातील इतिहासकाराच्या लेखनात चौदा वर्षे असे वय सांगितलेले आहे. मात्र राजे या ग्रंथातलाच हिशेब वेगळे सांगतो. शलमोनाने ४० वर्षे राज्य केले आणि त्याच्यामागून त्याचा पुत्र रहबाम गादीवर आला तेव्हा रहबाम ४१ वर्षांचा होता. म्हणजे शलमोन राजा झाला त्या वेळी त्याच्या घरी वर्षभराचे मूल होते. ‘लहान मूल’ हे येथे वयाचे नव्हे, तर अननुभवाचे वर्णन आहे, आणि त्याच्यापुढचे ‘बाहेर जाणे व आत येणे मला कळत नाही’ हे शब्द प्रजेचे, विशेषतः सैन्याचे नेतृत्व करण्याविषयीचा हिब्रू वाक्प्रचार आहेत.

प्रश्न : आदल्याच अध्यायात या माणसाने स्वतःच्या सावत्र भावाचा जीव घेतला. मग दुसऱ्या दिवशी हात जोडून शहाणपण मागणे हा देखावा नव्हे काय?

या पत्रातील राग मला समजतो, आणि तो दुसरा अध्याय वगळून तिसऱ्याचे प्रवचन करणाऱ्यांपेक्षा आपण ग्रंथ अधिक प्रामाणिकपणे वाचला आहे, असे मी म्हणेन. दुसऱ्या अध्यायात घडते ते असे : अदोनीया हा मोठा भाऊ, गादीचा दावेदार. तो दावीदाची सेवा केलेल्या अबीशगला पत्नी म्हणून मागतो आणि त्या मागणीत गादीवरचा डोळा दिसल्याने शलमोन त्याला मारण्याची आज्ञा देतो. याजक अब्याथार याला अनाथोथ येथे हाकलले जाते. यवाब परमेश्वराच्या मंडपात पळून जाऊन आसऱ्यासाठी वेदीची शिंगे धरतो, तरी शलमोनाचा माणूस बनाया त्याला तेथेच मारतो. पूर्वी दावीदाला शाप देणाऱ्या शिमीला यरुशलेमबाहेर पाऊल न टाकण्याची अट घातली जाते, आणि पळालेले दास आणायला तो गथला गेला हे निमित्त होऊन त्याचाही शेवट होतो. अध्यायाचे अखेरचे वाक्य आहे की राज्य शलमोनाच्या हाती पक्के झाले.

आता मरणशय्येवरच्या दावीदाने त्याला काय सांगितले होते ते पाहावे. यवाबाविषयी तो म्हणतो, ‘तू आपल्या शहाणपणाप्रमाणे कर’. शिमीविषयी म्हणतो, ‘तू शहाणा आहेस, त्याचे काय करायचे ते तुला कळते.’ येथेही शब्द तोच आहे, ‘होखमा’. म्हणजे ग्रंथकाराच्या मते गिबोनला जाण्यापूर्वीच शलमोनाजवळ एक प्रकारचे शहाणपण होते. शत्रू ओळखणे, निमित्ताची वाट पाहणे, योग्य वेळी घाव घालणे हे त्याला येत होते, आणि त्या शहाणपणाने राज्य पक्केही झाले होते. असे असूनही गिबोनच्या रात्री तो म्हणतो की मला काही कळत नाही. मला हे वाक्य देखाव्याचे वाटत नाही. गादी राखण्याचे शहाणपण आणि प्रजेचा न्याय करण्याचे शहाणपण या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि पहिले हाती असलेल्या माणसालाच दुसऱ्याची उणीव जाणवू शकते. परमेश्वर त्याला ‘तू शत्रूंचे प्राण मागितले नाहीस’ असे म्हणतो, तेव्हा वाचकाला नुकत्याच मेलेल्या माणसांची आठवण होणारच, आणि ती व्हावी अशीच या दोन अध्यायांची मांडणी आहे. शलमोनाला पश्चात्ताप झाला, असे मात्र ग्रंथ कुठेही म्हणत नाही, आणि ते त्याच्या पदरात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

प्रश्न : तलवार आणून तान्ह्या मुलाचे दोन तुकडे करा असे सांगणे याला न्याय म्हणावे की धाक? यात ‘ऐकणे’ कुठे आहे?

स्वप्नानंतर लगेच येणारा हा खटला सर्वांना ठाऊक आहे. एका घरात राहणाऱ्या दोन वेश्या, तीन दिवसांच्या अंतराने जन्मलेली दोन मुले, रात्री अंगाखाली येऊन दगावलेले एक मूल, आणि जिवंत मूल माझेच असा दोघींचा दावा. घरात तिसरे कोणी नव्हते, म्हणजे साक्षीदार नाही. आधी एक गोष्ट नोंदवतो : ज्यांचा शब्द दरबारात कोणी धरला नसता अशा दोन स्त्रिया थेट राजापुढे उभ्या आहेत, आणि ग्रंथात त्यांचे बोलणे सविस्तर दिलेले आहे. पहिली स्त्री रात्री काय झाले ते सांगते, पहाटे दूध पाजायला उठले तेव्हा मूल मेलेले दिसले आणि उजाडल्यावर नीट न्याहाळले तेव्हा ते माझे नव्हतेच, इथपर्यंत सांगते.

त्यानंतर राजा काय करतो? तलवार मागवण्यापूर्वी तो दोघींचे म्हणणे जसेच्या तसे उच्चारून दाखवतो : ही म्हणते, जिवंत मुलगा माझा, मेलेला तुझा, आणि ती म्हणते, नाही, मेलेला तुझा, जिवंत माझा. भरभर वाचताना हे वाक्य निरर्थक पुनरुक्ती वाटते. मला मात्र तेथेच ‘ऐकणारे हृदय’ कामाला लागलेले दिसते. दोन्ही बाजूंचे शब्द त्याने तोलून पाहिले आहेत आणि नुसत्या शब्दांनी हा प्रश्न सुटणार नाही हे त्याच्या ध्यानात आले आहे. म्हणून तो अशी परिस्थिती निर्माण करतो की, ठरवून बोललेल्या शब्दांच्या खालचा आवाज वर यावा. तो येतो. जिचे मूल जिवंत होते तिच्या पोटात कालवते आणि ती म्हणते, महाराज, तिलाच द्या, पण मारू नका. दुसरी म्हणते, ना तुला ना मला, चिरा.

आपण म्हणता तो धाक खराच आहे, आणि त्या आईच्या त्या काही क्षणांची किंमत कोणी नाकारू नये. परंतु निकाल तलवारीने लागलेला नाही. आईच्या हाकेने लागला, आणि राजाने ती ऐकली. आणखी एक बारकावा सांगतो. खरी आई पहिल्यांदा बोलणारी की दुसऱ्यांदा बोलणारी, हे मूळ मजकुरात स्पष्ट केलेले नाही. ‘हिला द्या’ एवढेच राजा म्हणतो. पहिल्या स्त्रीची हकिगत इतकी सविस्तर आहे की वाचक नकळत तिच्या बाजूला जातो, पण ग्रंथ तिला तसा दाखला देत नाही.

प्रश्न : प्रत्यक्ष देवाने दिलेले शहाणपण असूनही हा राजा शेवटी भरकटला कसा? देणगीत काही उणे होते का?

बहुतेक पत्रांचा रोख अखेर या प्रश्नाकडे वळतो, आणि मलाही तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गिबोनच्या वचनांत एक भेद आहे. शहाणे हृदय दिले, धन आणि वैभव दिले. त्यांना अट नाही. दीर्घायुष्याच्या वचनाला मात्र ‘जर’ जोडलेले आहे : तू माझ्या मार्गांनी चाललास तर. म्हणजे ऐकण्याची शक्ती मिळाली, पण ऐकत राहणे राजाकडेच राहिले. सुरुवातीला ते दिसतेही. मंदिराच्या अर्पणाच्या वेळी, आठव्या अध्यायात, शलमोन जी दीर्घ प्रार्थना करतो तिचे पालुपदच ‘तू स्वर्गातून ऐक’ असे आहे. अन्याय झालेला माणूस असो, दुष्काळात सापडलेली प्रजा असो, दूर देशाहून आलेला परका असो, प्रत्येकासाठी तो तेच मागतो. ज्याने स्वतःसाठी ऐकणे मागितले होते, तो आता इतरांचे ऐकले जावे म्हणून मागत आहे. त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत उंच जागा आहे, असे मला वाटते.

पण त्याच काळात दुसरे काहीतरी साठत चालले होते. मंदिराला सात वर्षे लागली, राजवाड्याला तेरा. लबानोनात लाकूडतोडीसाठी इस्राएलातून ३०,००० माणसे वेठीला धरली गेली, दर महिन्याला १०,००० अशा पाळ्यांनी; शिवाय ७०,००० ओझी वाहणारे आणि डोंगरात दगड फोडणारे ८०,०००. राज्याचे बारा भाग करून प्रत्येक भागाने वर्षातून एक महिना राजाच्या पंक्तीचा शिधा पुरवायचा, आणि तो शिधा दिवसाला तीस बैल व शंभर मेंढरे इतका होता. अनुवाद ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी तीन मनाया आहेत : त्याने घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनेरुपे फार साठवू नये. राजे ग्रंथाच्या दहाव्या आणि अकराव्या अध्यायांत वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचे एक मोठे माप) सोने येते, मिसरमधून घोडे येतात, १,४०० रथ उभे राहतात, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी होतात. ग्रंथकार हे सारे वैभवाच्या सुरात सांगत जातो आणि मग अकराव्या अध्यायात एकदम म्हणतो की, दोनदा दर्शन दिलेल्या परमेश्वरापासून त्याचे हृदय फिरले. फिरले ते हृदयच, जे गिबोनला मागून घेतले होते.

गिबोनच्या प्रार्थनेतील आणखी एक शब्द येथे आठवावा लागतो. ‘तुझ्या या एवढ्या मोठ्या प्रजेचा न्याय कोण करू शकेल?’ असे आपण वाचतो, तेथे मूळ विशेषण ‘कावेद’ आहे, म्हणजे जड, भारी. प्रजेचा भार तरुण राजाला पेलवत नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर, बाराव्या अध्यायात, लोक शखेम येथे रहबामापुढे येऊन म्हणतात, तुझ्या बापाने आमच्यावर घातलेले भारी जू हलके कर. त्या जुवालाही तोच शब्द आहे, ‘कावेद’. चाळीस वर्षांत भार राजाच्या खांद्यावरून उतरून लोकांच्या मानेवर गेला होता.

रहबाम तीन दिवसांची मुदत घेतो. बापाच्या पदरी राहिलेले वृद्ध त्याला सांगतात, आज तू या लोकांचा सेवक झालास आणि त्यांच्याशी चार चांगले शब्द बोललास, तर ते कायमचे तुझे सेवक होतील. बरोबरीचे तरुण दुसरेच शिकवतात, आणि तो लोकांना उत्तर देतो की बापाने तुम्हाला चाबकांनी शिक्षा केली, मी विंचवांनी करीन. पुढचे वाक्य हिब्रूत अगदी लहान आहे : राजाने लोकांचे ऐकले नाही. क्रियापद तेच, ‘शमा’. मग रहबाम वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला, अदोरामला, त्या जमावाकडे पाठवतो. लोक त्याला दगडमार करून ठार करतात, आणि राजा घाईने रथात चढून यरुशलेमकडे पळतो.